भट्टी बंद ठेवून कमाई

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीवाल्या मित्राजवळ बिटकॉइनचा विषय काढला, तर त्यानं भाव विचारला नाही. विचारलं, "युनिट किती जळतात?" शेअर बाजारात नोंदलेल्या बिटकॉइन खाण कंपन्यांचा धंदा समजून घ्यायला याहून नेमका प्रश्न मला तरी सापडलेला नाही.

खाण म्हटलं तरी इथं माती उकरायची नसते. व्यवहारांची एक थप्पी घ्यायची, तिला एक आकडा जोडायचा आणि एसएचए-२५६ नावाच्या गणिती चरकातून काढायची. उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आलं तर जिंकलात, नाहीतर आकडा बदलून पुन्हा. हुशारीचं काम नाही, नुसते अंदाजपंचे. अँटमायनर एस-२१ हे यंत्र सेकंदाला सुमारे २०० लाख कोटी वेळा हे करतं आणि साडेतीन किलोवॅट ओढतं. म्हणजे दिवसाला ८४ युनिट.

सरासरी दहा मिनिटांनी कुणीतरी जिंकतं. बक्षीस ६.२५ बिटकॉइन होतं, एप्रिल २०२४ मध्ये ते निम्मं, ३.१२५ झालं. जगभर मिळून दिवसाला साधारण ४५० नवी नाणी. यंत्रं वाढवून ती वाढत नाहीत, कारण दर २०१६ थप्प्यांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, मर्यादा नव्यानं ठरते. स्पर्धक वाढले असले तर कोडं अवघड होतं. आपल्या चिकोडी-हुक्केरीकडं ऊस जास्त गाळला तर साखरेची पोती वाढतात. इथं कितीही चरक लावा, पोती रोज तेवढीच, फक्त वाटेकरी वाढतात.

तरीही मॅरा, रायट, क्लीनस्पार्क या नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारातल्या खाण कंपन्या शेअर विकून यंत्रं घेतच आल्या. थांबलं तर आपला वाटा घटतो. आणि नाणं सगळ्यांचं सारखंच. आमच्या कास्टिंगला निदान फिनिशिंग बघून दोन रुपये जास्त मिळतात. मग फरक पडतो तो विजेच्या दरात. कोअर सायंटिफिक या अशाच खाण कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा नाण्याचा भाव पडलेला आणि वीज महागलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली आणि त्याच वर्षी आपल्या जागा, वीजजोडणीसकट, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांसाठी द्यायचे करार करू लागली.

पण खरी गंमत टेक्सासमधल्या रायटची. ऑगस्ट २०२३, कडक उन्हाळा, ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, ताण. कंपनीनं महिन्यात ३३३ नाणी काढली, किंमत सुमारे ९० लाख डॉलर. आणि यंत्रं बंद ठेवून? जवळपास ३ कोटी १७ लाख डॉलर! आधीच ठरल्या दरानं घेतलेली वीज दर भडकल्यावर ग्रिडला परत विकली, शिवाय मागणी कमी करायची तयारी ठेवल्याचा मोबदला वेगळा.

हे जमतं ते गणिताच्या स्वभावामुळं. प्रत्येक अंदाज आधीच्या अंदाजापासून सुटा असतो. अब्जावधी चुकले म्हणून पुढचा बरोबर यायची शक्यता वाढत नाही, आणि मध्येच थांबलं म्हणून आधीचं काही वायाही जात नाही. फर्नेस अर्ध्या हीटमध्ये थांबवली तर आतलं लोखंड गोठतं, लायनिंगला तडे जातात.

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बंद ठेवल्याचे पैसे? आमची भट्टी बंद असली तरी डिमांड चार्ज येतोयच की!"