किनाऱ्यावरची सुरूची बनं: लावली कुणी, काढायची का?

कोकणातल्या परक्या वनस्पतींची चर्चा रानमोडी आणि टणटणीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. या दोघींबद्दल वाद नाही. फुलं येण्याआधी, मुळासकट उपटायच्या आणि पुढची काही वर्षं त्याच जागी परत परत जायचं, एवढंच ते काम. खरी ओढाताण आहे ती सुरूच्या झाडावरून. कारण सुरू कुणाला तण वाटत नाही. भाट्ये असो की शिरोड्याचं वेळागर, पर्यटकांच्या फोटोत समुद्राइतकंच सुरूचं बन असतं.

हे झाड कोकणातलं नाही. अंदमान, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं हे त्याचं मूळ घर. आपल्या बाजूला त्याची पहिली मोठी लागवड 1868 मध्ये कारवारला झाल्याचं सांगतात. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि आगगाडीच्या इंजिनांना जळण हवं होतं. नुसत्या वाळूत वर्षाला दोन-तीन मीटर वाढणारं झाड दुसरं कुठलं मिळणार? त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून खत-मातीची फिकीर नाही. पुढे इंजिनं कोळशावर गेली, झाड मात्र राहिलं.

नंतरची लागवड निरनिराळ्या कारणांनी झाली. 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाचा जोर आला, तेव्हा गिरीपुष्प, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभळीसोबत सुरूही लागला. उडती वाळू अडवायची, माड-पोफळीच्या वाड्यांना खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, गावाला सरपण आणि मांडवाला वासे मिळवायचे. 2004 च्या त्सुनामीनंतर देशभर किनाऱ्यावर झाडांची भिंत उभारायची टूम निघाली आणि सुरूला नवं समर्थन मिळालं. जगलेली रोपं मोजून काम ठरतं, तिथं सुरूच जिंकतो; किनाऱ्यावरचं इथलं झाड उंडी, ते हळू वाढतं.

दरम्यान वाळूचा दुसरा दावेदार पुढे आला. ऑलिव्ह रिडले कासवं इथं पूर्वीपासून येत होती, अंडीही पूर्वीपासून चोरीला जात होती. 2002 च्या सुमारास वेळासमध्ये संवर्धनाचं काम सुरू झालं, मग आंजर्ले, गुहागर, दिवेआगर अशी नावं जोडली गेली. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेनं कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातल्या. तोवर अनेक पुळणींवर सुरूची पहिली रांग भरतीरेषेच्या जवळ येऊन ठेपली होती.

आक्षेप असे. कासवाची मादी अंड्यांसाठी साधारण दीड फूट खोल खड्डा खणते. सुरूच्या बारीक मुळांचं जाळं लागलं की अर्ध्यात सोडून परत फिरते. सावलीत वाळू थंड राहते आणि थंड वाळूत नर जास्त निपजतात. खाली साचणाऱ्या काड्यांच्या थरात मर्यादवेल, म्हणजे वाळूवर पसरणारी वेल, टिकत नाही, आणि वाळू धरून ठेवण्याचं काम खरं तर तिचं. लाटा समोरची वाळू खातात तेव्हा उथळ मुळांचे सुरू पुळणीवर आडवे होतात आणि मागे उभा कडा राहतो. कासव तो चढू शकत नाही.

यातला सावलीचा मुद्दा कोकणात थोडा लंगडा आहे, हे मान्य करायला हवं. इथली बरीचशी अंडी उचलून कुंपणातल्या उबवणकेंद्रात नेतात, म्हणजे तापमान ठरतं ते तिथल्या उन्हावर. मुळांचा आणि कड्याचा मुद्दा मात्र पुरेसा भक्कम आहे. फ्लोरिडात याच कारणांनी सुरू लावायला मनाई झाली.

मिडवे हे पॅसिफिकमधलं एकाकी प्रवाळबेट या बाबतीत आणखी पुढे गेलं. 1903 मध्ये समुद्राखालून संदेश नेणारी तार तिथं पोचली. तार कंपनीनं जहाजानं माती आणली आणि उडती वाळू थांबवायला सुरूच लावले. लेसन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत तिथं आहे, हे पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि सुरूचं बन त्या जागेच्या आड येतं. 1988 मध्ये ते वन्यजीव आश्रयस्थान झालं आणि पुढे त्यातल्या एका बेटावरून सुरू पूर्ण हटवले गेले. मोकळ्या जागेत सूर्यफुलाच्या कुळातलं एक पिवळ्या फुलांचं तण माजलं होतं; त्याच्याशी झगडा सुरूपेक्षा लांबला, कारण बी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं.

कोकण म्हणजे निर्जन बेट नव्हे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात माड, पोफळी, सुरू सगळंच झोपलं. त्यानंतर दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळाला. बनामागची घरं वाचली, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू उन्मळलेल्या बुंध्यांकडे बोट दाखवते. बागाईतदाराला नवा माड धरायला वर्षं लागणार. त्याला पुढचा आडोसा काढा म्हणणं सोपं नाही. पण म्हणून पडलेल्या रांगा जशाच्या तशा पुन्हा भरायच्या, हेही काही पटत नाही.

सगळं बन तोडा असं फारसं कुणी म्हणत नाही. मागणी आहे ती समुद्राकडच्या पट्ट्यापुरती. जिथं झाडं पडली तिथं नवी लावू नयेत, उगवलेली रोपं हातानं उपटावीत, काड्यांचा थर गोळा करावा आणि पहिल्या पावसात मर्यादवेलीचे तुकडे खोचावेत. मागच्या रांगांत उंडी, करंज, केवडा सुरूच्या आडोशानंच वाढवावा आणि तो उभा राहिला की सुरू काढावा. या जातीचा सुरू तोडल्यावर सहसा पुन्हा फुटत नाही, त्यामुळे रानमोडीपेक्षा हे काम हलकं आहे. अडतं ते परवानगीपाशी: जमीन एका खात्याची, झाड दुसऱ्याच्या हिशेबात, आणि कासव तिसऱ्याच्या.