चयापचय आरोग्य आणि उतारवयातील शारीरिक अक्षमता

रक्तातील साखर, चरबी, रक्तदाब आणि पोटाचा घेर आटोक्यात असणे म्हणजे चयापचय आरोग्य. ते बिघडले की उतारवयात चालणे, उठणे-बसणे, अंघोळ, कपडे घालणे ही रोजची कामे परस्वाधीन होण्याचा धोका वाढतो. उपाशीपोटी साखर १०० मिग्रॅ. किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० किंवा जास्त, चांगले कोलेस्टेरॉल कमी आणि कंबर मोठी (भारतीय पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंमी.पासून पुढे), या पाचांपैकी तीन गोष्टी आढळल्यास त्याला चयापचयी संलक्षण (मेटाबॉलिक सिंड्रोम) म्हणतात.

सातारा-सांगलीकडची म्हातारी माणसे मात्र ‘शुगर हाय’, ‘बीपीची गोळी चालू हाय’, ‘गुडघं गेल्यात’ अशी तीन वेगळी दुखणी सांगतात. मुळात ती एकमेकांत गुंतलेली असतात. जेवणानंतर रक्तातल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात. स्नायू झिजले की साखर चढते आणि इन्सुलिनला (साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला) दाद न देणारे शरीर स्नायू आणखी झिजवते. वाढलेले वजन गुडघ्यांवर येते. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. मग चप्पल निसटलेली कळत नाही आणि देवळाच्या तापलेल्या फरशीने तळव्याला आलेला फोड घरी आल्यावरच दिसतो.

अक्षमतेची खूण बहुधा आधी जमिनीवरून उठताना दिसते. पंगतीतून उठताना आजी गुडघ्यावर हात रेटते, मग भिंत धरते, शेवटी नातवाला ‘हात दे रं’ म्हणते. पुढे ती पंगतीला येणेच सोडते. घरचे ‘वय झालं’ म्हणतात, पण ही खूण साखरेच्या आकड्याइतकीच गंभीर आहे. स्नायूंची झीज ओळखण्याच्या २०१९च्या आशियाई निकषांनुसार खुर्चीवरून हात न टेकता पाचदा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंची तपासणी हवी. त्यासाठी घड्याळ आणि खुर्ची पुरते.

‘गोड बंद’ ऐकून अनेकजण जेवणच तोडतात. चतकोर भाकरी आणि पातळ आमटीवर साखर उतरते, पण मांड्याही उतरतात. स्नायूंना लागणाऱ्या प्रथिनांसाठी कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्याचा एक प्रकार), मटकी, हुलगे, अंडी, दूध ताटात राहायलाच हवे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

व्यायामाचा पुरावा भक्कम आहे. ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या व्यक्तींवरील अमेरिकी अभ्यासात (२०१४) चालणे, ताकद आणि तोल यांचा नियमित सराव करणाऱ्यांपैकी कमी जणांची ४०० मीटर चालण्याची क्षमता गेली.