ओपन सोर्समध्ये योगदानकर्त्याची पात्रता कशी ठरत आली

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता व सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात, कोणाचा शब्द चालावा हे हुद्द्यावरून न ठरवता केलेल्या कामावरून ठरवावे, या रीतीला लेखी नियमांचे रूप मिळाले ते बऱ्याच अंशी अपाची या वेब सर्व्हरच्या, म्हणजे संकेतस्थळे वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पात. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर, १९९४ च्या मध्यास ते संस्था सोडून गेल्यावर पोरका झाला आणि तो वापरणारे वेबमास्टर आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, स्वतःच लिहू लागले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांच्यापैकी आठ जणांनी हे पॅच एकत्र करण्यासाठी अपाची ग्रुप स्थापन केला.

ही मंडळी वेगवेगळ्या ठिकाणी काम करत होती आणि कोणी कोणाचा वरिष्ठ नव्हता, त्यामुळे निर्णयाची पद्धत ई-मेलवर चालेल अशीच बसवावी लागली. पसंतीसाठी +१, तटस्थतेसाठी ०, विरोधासाठी -१. कोडमधील बदल रोखायला एकट्याचे -१ पुरेसे असे, मात्र त्यासोबत तांत्रिक कारण देणे बंधनकारक होते आणि कारणाविना दिलेला नकार ग्राह्य धरला जात नसे. या साऱ्या परंपरेतला हा सर्वांत मोलाचा नियम आहे असे मला वाटते, कारण जुन्याजाणत्या सदस्यालाही तो आपले म्हणणे पटवून द्यायला भाग पाडतो. १९९९ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनची नोंदणी झाल्यावर पॅच पाठवणारा, कमिटर (मूळ कोडमध्ये थेट बदल करू शकणारा), प्रकल्प समितीचा सदस्य आणि फाउंडेशनचा सदस्य अशा पायऱ्या रूढ झाल्या. पात्रता कंपनीची न मानता व्यक्तीची मानली गेली, म्हणून नोकरी बदलली तरी ती टिकते.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या संगणक प्रणालीच्या प्रकल्पाने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाने १९९९ मध्ये नव्या सदस्यांची भरती थांबवली आणि २००० मध्ये ती नव्या, कडक प्रक्रियेने पुन्हा सुरू केली. विद्यमान सदस्याने उमेदवाराला प्रत्यक्ष भेटून त्याचे ओळखपत्र पाहायचे आणि मगच त्याच्या क्रिप्टोग्राफिक कीवर (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवर) सही करायची. त्यानंतर कोणीतरी त्याची शिफारस करायची. आणि शेवटी प्रकल्पाचा सामाजिक करार (त्याची तत्त्वे सांगणारा मजकूर) व पॅकेज, म्हणजे संगणकावर बसवायला तयार सॉफ्टवेअरचे संच, बांधण्याचे कौशल्य या दोन्हींवर त्याची सविस्तर परीक्षा व्हायची. दस्तऐवज लिहिणारे, अनुवाद करणारे, चित्रे काढणारे या चौकटीत बसत नव्हते. २०१० मध्ये सदस्यांनी मतदान करून, पॅकेज न सांभाळणाऱ्यांनाही मताधिकारासह पूर्ण सदस्यत्व देण्याचे स्वागत केले. हा निर्णय फार उशिरा झाला. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स मराठीत उघडता येते त्यामागे ज्यांचे श्रम आहेत, त्यांचे काम कोडच्या मोजपट्टीत मावणारे नाही.

२००८ मध्ये कोड ठेवण्याचे व त्यावर एकत्र काम करण्याचे गिटहब हे संकेतस्थळ आले आणि योगदान प्रोफाइलवर आकड्यांत दिसू लागले. कामावरून माणूस ओळखायचा म्हटले तरी ते काम करण्याची संधी सर्वांना सारखी मिळते का, हा प्रश्न मात्र त्याआधीपासून होता. लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाकडे, विद्यार्थ्यांना ओपन सोर्सवर काम करण्यासाठी मानधन देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमाच्या २००६ च्या फेरीसाठी १८१ अर्ज आले आणि त्यांत एकही महिलेचा नव्हता. तेव्हा ग्नोमने महिलांसाठी जो स्वतंत्र उपक्रम काढला, त्यातूनच पुढे, कमी प्रतिनिधित्व असलेल्यांना ओपन सोर्समध्ये संधी देणारा आउटरीची हा उपक्रम उभा राहिला. २०१८ मध्ये लिनक्स कर्नेल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, लिहिणाऱ्या प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली, म्हणजे उत्तम कोड लिहिणाऱ्यालाही वागणुकीची अट लागू झाली.

कामावर आधारलेल्या विश्वासाची कमकुवत बाजू २०२४ मध्ये उघडी पडली. एक्सझेड या डेटा संकुचित करणाऱ्या प्रकल्पात ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून पॅच पाठवत होते. २०२२ मध्ये इतर काही अनोळखी नावांनी मेंटेनरमागे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यामागे, कामाचा वेग वाढवा आणि मदतनीस घ्या, असा तगादा लावला. पुढे जिया टॅनला आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली गेली. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नजरेस आले नसते तर ती कितीतरी सर्व्हरवर पोहोचली असती. मोजपट्टी तीच होती: नियमित काम, चालणारा कोड, दीर्घ हजेरी. हे सारे त्या नावाने पुरवले होते. डेबियनसारखे ओळखपत्र पाहायला किंवा अपाचीसारखे -१ द्यायला मात्र त्या एकट्या, थकलेल्या मेंटेनरखेरीज तिथे दुसरे कोणीच नव्हते.