‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ हे अर्धसत्य आहे

मालवाहतुकीत एक समजूत वर्षानुवर्षं चालत आली आहे: ड्रायव्हर कमी पडतात म्हणजे माणसंच नाहीत, भरती वाढवली की प्रश्न सुटेल. हिशेब मांडून पाहिला की ही समजूत टिकत नाही.

अमेरिकेचा नियम घ्या. ड्रायव्हरला एका पाळीत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते, पण तेही कामावर आल्यापासून 14 तासांच्या आत. गोदामाच्या दारात गाडी उभी असली तरी साधारणपणे हे घड्याळ चालूच राहतं. दोन ठिकाणी तीन-तीन तास गेले, तर चालवायला उरतात फार तर 8 तास. म्हणजे गाडीमागे चालवण्याचे 3 तास बुडाले. दहा गाड्यांच्या ताफ्यात असं घडलं तर दिवसाचे चालवण्याचे 30 तास, म्हणजे जवळपास तीन ड्रायव्हरांचं काम, नुसतं उभं राहण्यात जातं. शिवाय मोबदला किलोमीटरवर असेल तर या तासांचे पैसे अनेकदा मिळतच नाहीत. अशा नोकरीत माणूस कशाला टिकेल? गळती सुरू असताना नवी भरती म्हणजे फुटक्या रांजणात पाणी.

म्हणून मनुष्यबळाचं नियोजन गोदामापासून सुरू व्हायला हवं. गाड्यांच्या वेळा ठरवणाऱ्याला आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला नीट प्रशिक्षण द्या. फोर्कलिफ्टवरच्या पाटीवर लिहिलेलं, उचलता येणारं कमाल वजन ठरावीक भारकेंद्रापुरतंच (काट्यांच्या मुळापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या ठरावीक अंतरापुरतंच) खरं असतं. माल काट्यांवर पुढे सरकला की क्षमता घटते. हे ठाऊक नसलं की माल कलंडतो, आणि मागची अख्खी रांग अडकते.