२५ गुणांची अट: आयोवाच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची खुर्ची आणि तिच्यामागचा इतिहास

फेब्रुवारी २०२३मध्ये आयोवा विद्यापीठाने आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचा, म्हणजे आक्रमणाचे डाव आखणाऱ्या प्रशिक्षकाचा, करार बदलला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आला आणि सोबत अट पडली: येत्या हंगामात संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण काढायचे, किमान ७ सामने जिंकायचे, तरच नोकरी पुढे चालू. कोऑर्डिनेटरचं नाव ब्रायन फेरेंट्झ. मुख्य प्रशिक्षकाचं नाव कर्क फेरेंट्झ. बाप-लेक.

या अटीत एक गंमत होती. २५ गुण कुठूनही आलेले चालणार होते. बचावफळीने चेंडू हिसकावून टचडाउन केला (चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला: ६ गुण), तरी तो ब्रायनच्याच हिशेबात जमा. म्हणजे आक्रमणाच्या माणसाची परीक्षा आणि पेपर सोडवायला बचाववालेही मदतीला. लोकांनी त्यावर मनसोक्त हसून घेतलं. पण पुढे ब्रायनची नोकरी गेली आणि नव्या कोऑर्डिनेटरसाठी जी नावं उडायला लागली, त्यांवरच्या वादाचं मूळ या करारापेक्षा बरंच जुनं आहे.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. चेंडू हातात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला ४ संधी मिळतात. दर संधीला धावायचं की फेकायचं, कोण कुठे उभा राहणार, हे बहुतेक संघांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ठरवतो. तीन संधींत जमलं नाही की सहसा पंटर येतो आणि चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांच्या हवाली करतो. १९५३पासून दशकभर खेळाडू बदलण्यावर कडक बंधनं होती, त्यामुळे तेच गडी हल्लाही करायचे आणि बचावही. १९६०च्या दशकाच्या मध्यावर मोकळीक मिळाली, दोन्ही कामांना वेगळे खेळाडू आले आणि वेगळे कारभारीही लागले. डाव फसला की तो कोणी सांगितला होता, हे तेव्हापासून शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ठाऊक असतं. खापर फोडायला इतकं सोयीचं डोकं दुसरं नाही.

आयोवात हे जरा जास्तच होतं, कारण त्या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ नाही. शनिवार म्हणजे किनिक स्टेडियम, सुमारे ६९ हजार माणसं. २०१७पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम शेजारच्या बालरुग्णालयाच्या खिडक्यांकडे वळून हात हलवतं, आणि वरून आजारी मुलं उलट हात हलवतात. (आपल्याकडच्या वाचकांना आयोवा सिटी ठाऊक असलंच तर तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमामुळे. दिलीप चित्रे १९७०च्या दशकात तिथे होते.)

या संघाने पडता काळही भरपूर पाहिलाय. प्रशिक्षक फॉरेस्ट इव्हाशेव्हस्कींच्या हाताखाली १९५७ आणि १९५९चे रोझ बोल (हंगामाअखेरचा मानाचा सामना) जिंकल्यावर घसरण लागली ती अशी की सलग १९ हंगामांत एकदाही हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं नाही. १९७९मध्ये टेक्सासचे हेडन फ्राय आले. त्यांनी संघाला व्यावसायिक लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्ससारखा काळा-सोनेरी पोशाख दिला, पाहुण्या संघाची खोली गुलाबी रंगवून घेतली आणि १९८१मध्ये थेट रोझ बोल गाठला. त्यांचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते बिल स्नायडर, पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघाला शून्यातून उभे करणारे. १९८५मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा म्होरक्या) चक लाँग देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीत बो जॅक्सनच्या मागोमाग दुसरा आला, तो याच आक्रमणातून. आयोवा म्हणजे रटाळ आक्रमणाचा संघ हा समज ज्यांना आहे, त्यांनी ही वर्षं आठवावीत. त्याच स्टाफमध्ये ऑफेन्सिव्ह लाइन (समोरच्यांना अडवून वाट मोकळी करणारी पुढची फळी) शिकवणारा एक तरुण होता: कर्क फेरेंट्झ. १९९९मध्ये फ्रायच्या जागी तोच आला आणि अजून तिथेच आहे.

फेरेंट्झ मुळात लाइनचा माणूस, आणि पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो. धाव, टाइट एंडकडे (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा गडी) छोटे पास, चूक करायची नाही, पंट करून समोरच्याला त्याच्याच गोलाजवळ कोंडायचं आणि बचावफळीवर भरवसा ठेवायचा. केन ओ'कीफ यांनी १३ हंगाम हेच आक्रमण चालवलं. २००२मध्ये संघाने बिग टेन या आपल्या विद्यापीठ-गटातले आठही सामने जिंकले आणि ब्रॅड बँक्स हाइझमनमध्ये दुसरा आला. तरी २०१०च्या आसपास ओ'कीफना काढा हा घोष रोजचा झाला होता. २०१२च्या सुरुवातीला ते मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे गेले, तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते.

त्यांच्या जागी आले ग्रेग डेव्हिस. टेक्सास विद्यापीठाला २००५चं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं तेव्हाचे कोऑर्डिनेटर हेच, आणि २०१०च्या ५-७ (५ विजय, ७ पराभव) हंगामानंतर तिथल्या चाहत्यांनी नावं ठेवून घालवले तेही हेच. पहिल्याच वर्षी आयोवा ४-८. मग २०१५मध्ये साखळीतले बाराही सामने जिंकले. पाहणाऱ्याला मात्र जुनाच खेळ दिसत होता. खानावळीचा आचारी बदलला तरी मसाल्याचा डबा मालकाच्याच हातात होता.

फरक कळायला अलाबामा विद्यापीठाकडे बघावं. तिथले मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी २००७ ते २०२३ या काळात नऊ वेगवेगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर वापरले. जानेवारी २०१७मध्ये तर राष्ट्रीय अंतिम सामन्याला आठवडा उरलेला असताना लेन किफिन गेले आणि स्टीव्ह सार्किशियन यांनी सूत्रं घेतली. सेबन स्वतः बचावाचे. आक्रमणात काळ बदलतोय म्हटल्यावर त्यांनी नव्या माणसांना मोकळं रान दिलं. आयोवाने त्याच १७ वर्षांत तिघांवर भागवलं आणि रानही मालकाचंच राहिलं. माझ्या मते त्या चाहत्यांचा खरा राग इथला होता. मुख्य प्रशिक्षक हलणार नव्हता, जानेवारी २०२२मध्ये त्यांचा करार २०२९पर्यंत, वर्षाला ७० लाख डॉलरवर वाढवला गेला. मग ओरडायचं कुणाच्या नावाने? जो बदलता येईल त्याच्या.

ब्रायन स्वतः आयोवाच्या लाइनमधला सेंटर, नंतर न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाकडे शिकलेला, २०१२पासून वडिलांच्या हाताखाली लाइन प्रशिक्षक. २०१७मध्ये कोऑर्डिनेटर झाला. घरच्या माणसाला घेतल्याचा आक्षेप नको म्हणून कागदोपत्री तो वडिलांना नव्हे तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख) गॅरी बार्टा यांना उत्तर देणार, अशी सोय होती. यावर कोणाचा किती विश्वास बसला असेल ते सांगायला नको. पण सुरुवात काही वाईट नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किनिकवर ओहायो स्टेटची ५५-२४ अशी धुलाई झाली. २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, आयोवाचे दोन टाइट एंड, हॉकेन्सन आणि फँट, दोघेही पहिल्या फेरीत गेले.

मग हळूहळू इंजिन बंद पडत गेलं. २०२१मध्ये संघ देशात दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, तो बचावफळीच्या खांद्यावर बसून. ३ सप्टेंबर २०२२चा सामना तर नीट सांगायलाच हवा. समोर खालच्या विभागातली साउथ डकोटा स्टेट. आयोवा ७-३ने जिंकली. ७ म्हटल्यावर वाटेल एक टचडाउन आणि वरचा एक गुण. तसं नव्हतं. एक फिल्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारणं), ३ गुण. मग दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्या खेळाडूला त्याच्याच एंड झोनमध्ये दोनदा पाडल्याचे २ आणि २. आक्रमणाची दिवसभराची कमाई १६६ यार्ड. ऑस्ट्रेलियन पंटर टोरी टेलर दहा वेळा मैदानात आला आणि सर्वात मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. ‘पंटिंग इज विनिंग’ असे टी-शर्ट लोक चक्क अभिमानाने घालत होते. त्या हंगामाअखेर यार्डांच्या हिशेबात आयोवाचं आक्रमण १३१ संघांत १३०वं होतं.

त्यावरचा उतारा म्हणजे ती २५ची अट. परिणाम असा झाला की २०२३मध्ये लोक सामना बघायचे सोडून बेरीज करत बसले. पहिल्या सामन्यात २४ गुण: एक कमी! दुसऱ्यात २०. तिसऱ्यात वेस्टर्न मिशिगनविरुद्ध ४१, सरासरी एकदम २८च्या वर. चौथ्यात पेन स्टेटकडून ०-३१, आक्रमणाचे एकूण यार्ड ७६. पुढे क्वार्टरबॅक केड मॅकनमारा गुडघा दुखावून बाहेर गेला. २१ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध कूपर डीजीनने परत आणलेल्या पंटचा टचडाउन पंचांनी रद्द केला आणि सामना १०-१२ असा गेला. ३० ऑक्टोबरला हंगामी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बेथ गोएट्झ यांनी जाहीर केलं की ब्रायन हंगाम संपेपर्यंतच. हंगाम चालू असताना हे जाहीर होणं कर्क यांना रुचलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

एवढं होऊन आयोवाने १० सामने जिंकून बिग टेनचा पश्चिम विभाग पटकावला. शेवटचे दोन सामने मिशिगनकडून ०-२६ आणि टेनेसीकडून ०-३५. १४ सामन्यांत मिळवलेले गुण २१६, दिलेले २०७. नऊ गुणांच्या फरकावर दहा विजय! बचावाचे कोऑर्डिनेटर फिल पार्कर यांना देशातल्या सर्वोत्तम सहाय्यक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, आणि टेलरने एका हंगामातल्या पंट यार्डांचा १९३८पासूनचा विक्रम मोडला.

मग नव्या माणसाचा शोध. विस्कॉन्सिनचे माजी मुख्य प्रशिक्षक पॉल क्रिस्ट यांचं नाव सर्वात जोरात होतं. चाहत्यांतला एक गट खूश, कारण त्यांना धाव आणि पास दोन्ही नीट जमवता येतात. दुसऱ्या गटाचं म्हणणं, मग बदललं काय, तेही याच मुशीतले. आधीपासून संघात अ‍ॅनालिस्ट असलेल्या जॉन बडमायर यांचंही नाव होतं. तरुण, वेगवान खेळ खेळवणारा कोणी आणा, असं म्हणणारे बरेच होते. पण तसा माणूस इथे येईल कशाला, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. जानेवारी २०२४ संपता संपता नाव आलं ते फार कोणाच्या यादीत नसलेलं: टिम लेस्टर. वेस्टर्न मिशिगनचे माजी मुख्य प्रशिक्षक, २०२२च्या हंगामानंतर तिथून काढलेले, मग वर्षभर ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडे. प्रतिक्रिया थंडच होती.

२०२४मध्ये मात्र सरासरी २७च्या वर गेली. कॅलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड धावून २१ टचडाउन केले, शॉन ग्रीनचा २००८चा धावत केलेल्या टचडाउनचा विद्यापीठाचा विक्रम मागे पडला. लेस्टरने तीच जुनी झोन धाव (लाइनने माणूस नव्हे, जागा अडवायची असा धावण्याचा डाव) ठेवून तिच्याआधी खेळाडूंची बरीच हालचाल घातली, त्यामुळे समोरच्यांना अंदाज बांधणं जड जाऊ लागलं. पासचे आकडे तेव्हाही देशात तळालाच. म्हणून २०२५साठी दुसरीकडून क्वार्टरबॅक आणला, मार्क ग्रोनोव्हस्की: त्या ७-३च्या दुपारी साउथ डकोटा स्टेटकडून खेळलेला, नंतर त्या संघाला दोन विजेतेपदं मिळवून देणारा. सप्टेंबर २०२५मध्ये कर्क फेरेंट्झ यांनी ओहायो स्टेटचे जुने प्रशिक्षक वूडी हेज यांना मागे टाकून बिग टेनमधल्या सर्वाधिक विजयांचा विक्रम आपल्या नावावर केला. तेव्हा ते सत्तरीचे होते, आणि चाहत्यांच्या गप्पांत आता कोऑर्डिनेटरपेक्षा त्यांच्याच खुर्चीत पुढे कोण बसणार, हा विषय जास्त वेळा निघतो.