पायऱ्यांवरची धाप आणि आकसलेली झडप

ठाणे स्टेशनचा पूल चढताना मधेच कठड्याला धरून थांबणारी माणसं रोज दिसतात. वजन वाढलंय, वय झालंय, असं मनात म्हणत आपण पुढे जातो. माझ्या आत्याबद्दल कळव्याच्या चाळीत सगळे ‘अशक्तपणा आहे’ एवढंच म्हणत. 1990 च्या दशकात, पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात तिला रात्री आडवंही पडवेना. तेव्हा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली आणि हृदयाची झडप आकसल्याचं कळलं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. तोवर निभावून नेणारी झडप तिथे उघडी पडते.

ही माइट्रल झडप. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधली, दोन पाकळ्यांची. आपल्याकडे ती आकसते बहुधा लहानपणच्या सांधेतापामुळे. घसा सुजतो, काही आठवड्यांनी सांधे धरतात, ताप उतरतो आणि घरचे विसरून जातात. कोंदट, दाटीच्या वस्तीत हा घशाचा जंतू लवकर पसरतो. 1963 मध्ये डॉ. सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की भारतात विशीच्या आतल्या मुलामुलींचीही झडप घट्ट आवळलेली सापडते.

आजाराची खूण आधी कानाला सापडली. 1816 मध्ये पॅरिसचे डॉक्टर रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. अशा रुग्णांच्या छातीवर हात ठेवला तर मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. पण बसल्या जागी बरं वाटणाऱ्या माणसाला चढावरच धाप का लागते, हे नुसत्या कानाने कळणारं नव्हतं.

तिथे हिशेब लागतो. निरोगी माइट्रल झडप 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते. दीडच्या खाली गेली की गंभीर. वरच्या कप्प्यातलं रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात खाली उतरतं. मिनिटाला 70 ठोके असताना हा विसावा साधारण अर्ध्या सेकंदाचा असतो. पायऱ्या चढताना ठोके 140 वर गेले, तर तो निम्म्याहूनही कमी होतो. रक्त मात्र जास्त पाठवायचं असतं. 1951 मध्ये रिचर्ड आणि एस. जी. गॉर्लिन यांनी याचं सूत्र मांडलं: अरुंद दारातून दुप्पट प्रवाह न्यायचा, तर दाराच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक चौपट व्हावा लागतो. फुप्फुसातून वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे तिथला वाढलेला दाब थेट मागे फुप्फुसात जातो. केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, फुप्फुस जड होतं, आणि श्वास ओढावा लागतो. फुप्फुस मुळात धडधाकट असतं, हेच मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उपायाची गोष्ट धाडसाची आहे. 1925 मध्ये लंडनचे सर्जन हेन्री साउटर यांनी एका तरुणीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप सैल केली. ती वाचली, तरी पुढे त्यांच्याकडे एकही रुग्ण पाठवला गेला नाही. अनेक अपयशं पचवून 1948 च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांना यश आलं. 1984 मध्ये जपानच्या कांजी इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आत्याचीही झडप पुढे अशीच, मुंबईत, छाती न उघडता मोकळी झाली. सांधेताप उलटू नये म्हणून ती कितीतरी वर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत होती.

न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने 1928 मध्ये केलेली हृदयरुग्णांची चार पायऱ्यांची वर्गवारी डॉक्टर आजही वापरतात: काय केल्यावर दम लागतो? पण माणूस नकळत कामच कमी करतो आणि ‘त्रास नाही’ म्हणून सांगतो. म्हणून ‘काय करायचं सोडलंत?’ हेही विचारायला हवं. आत्याला ते विचारलं गेलं, तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, खालच्या नळावरून पूर्वी हंडा आणायचे, दोन वर्षं झाली, कळशीच आणते.