पडद्यामागचं मूल कुंथत नसतं

साडेतीन वर्षांचं मूल. शू कमोडवर करतं, शी मात्र डायपरशिवाय नाहीच. दोन-तीन दिवसांनी खेळता खेळता ते एकदम पडद्यामागे जातं, सोफ्याची कड घट्ट धरतं, चवड्यांवर उभं राहून मांड्या आवळतं, लालबुंद होतं. घरातले हळहळतात, ‘किती कुंथतंय बिचारं!’ पण ते कुंथत नसतं. आलेली शी ते जिवाच्या आकांताने रोखून धरत असतं. अशी मुलं दुर्मीळ नाहीत. ब्रूस टॉबमन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली ४८२ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या २२ टक्के मुलांनी निदान महिनाभर कमोडवर शी करायला नकार दिला होता.

शी रोखली की आत काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक म्हणजे मलाशय. एरवी ते जवळजवळ रिकामं असतं. मल खाली उतरला की त्याची भिंत ताणली जाते आणि त्या ताणामुळेच ‘लागली’ असं कळतं. त्याच वेळी गुदद्वाराचा आतला गोल स्नायू आपोआप सैल पडतो. ही क्रिया विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १८७७ मध्येच नोंदवली होती. या आतल्या दारावर आपला हुकूम चालत नाही. चालतो तो बाहेरच्या दारावर. शिवाय एक स्नायू गोफणीसारखा ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून निघतो, मलाशयाला मागून वळसा घालतो आणि पुन्हा पुढे येतो. तो आवळलेला असला की बागेतली पाण्याची नळी दुमडावी तसा तिथे कोन पडतो. उकिडवं बसलं की गोफण सैलावते आणि वाट बरीच सरळ होते. पडद्यामागचं मूल नेमकं उलटं करतं: पाय ताठ, बाहेरचं दार बंद, गोफण आवळलेली.

थोडा वेळ असं धरलं की मलाशयाची भिंत आणखी पसरते, ताण उतरतो आणि कळ जाते. मुलाला सुटल्यासारखं वाटतं. मल मात्र तिथेच असतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि त्याचा खडा होतो. खडा बाहेर पडताना दुखतो, कधी चीरही पडते. मग पुढच्या वेळी मूल आणखी जोराने रोखतं. असं महिनोन्‌महिने चाललं की मलाशय सैल पिशवीसारखं होतं, आणि बरंच साठल्याशिवाय मुलाला लागल्याचं कळतच नाही. वरचा पातळ मल खड्याच्या बाजूने झिरपून चड्डीला डाग पडतात. मग कुणी जुलाब समजून ते थांबवायचं औषध देतं, कुणी आळशीपणा समजून धपाटा. दोन्ही चूक, कारण हे झिरपणं मुलाला कळतही नाही. भरलेलं मलाशय पुढच्या मूत्राशयावर दाबतं, म्हणून कधी शूही चड्डीत होते.

दृष्ट काढून किंवा ताईत बांधून खडा मऊ होत नाही. साबणाची कांडी किंवा एरंडेलात बुडवलेलं विड्याच्या पानाचं देठ याहून वाईट: आजची शी होते, पण ‘तिथे दुखतं’ हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. ‘तीन दिवसांत डायपर सोडवा’ असं सांगणाऱ्या रीलनेही या मुलांचं काही होत नाही. ताणलेलं मलाशय आवळायला महिने लागतात.

म्हणून आधी शी मऊ करायची, सवय त्यानंतर. डॉक्टर बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड देतात. ती मलातलं पाणी धरून ठेवते. साठलेलं काढायला वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस. त्यानंतर सुमारे ०.४ ग्रॅम. म्हणजे १४ किलोच्या मुलाला आधी १४ ते २१ ग्रॅम, मग साडेपाचच्या आसपास. नेमकी मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. जन्मानंतर पहिली शी ४८ तासांत झाली नसेल, पोट फुगत असेल, उलट्या होत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर ते आवर्जून सांगा. तिथे कारण वेगळं असू शकतं. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी: आठवडाभर छान झाली की घरचे पूड बंद करतात. ती किमान दोन महिने चालू ठेवायची, आणि कमोडची सवय पक्की होण्याआधी तर थांबवायचीच नाही.

आता बसणं. कमोड साधारण १६ इंच उंच असतो. तिथे लहान मुलाचे पाय लोंबकळतात आणि गोफण सैल पडत नाही. लहान बैठक लावा आणि पायांखाली ८-९ इंचांचं घट्ट स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. जेवणानंतर आतडं आपसूक हलतं, म्हणून नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर पाच मिनिटं बसवा. हातात पिपाणी द्या. फुंकताना पोटाचा दाब वाढतो आणि खालचे स्नायू ढिले होतात. झाली नाही तर न रागावता उठवा.

डायपरच मागत असेल तर द्या, पण शी बाथरूममध्येच करायची. ते जमलं की डायपर घालूनच कमोडवर बसायचं. मग डायपरला खाली रुपयाएवढं भोक पाडा आणि दर दोन-तीन दिवसांनी ते थोडं मोठं करत न्या. शेवटी कमरेभोवती नुसता पट्टा उरतो, आणि बरीच मुलं एक दिवस तोही स्वतःच काढून टाकतात.